वायरिंग होईपर्यंत

मी घर सोडलं त्या सकाळी आण्णा मला फाट्यापर्यंत सोडायला आले नाहीत. ते स्टुलावर उभे होते. आदल्या संध्याकाळी वादळात बाभळीची फांदी पडली होती आणि खांबावरून घरात येणाऱ्या दोन तारांपैकी एक तुटली होती. मी पाठीला बॅग लावून खाली उभी होते. त्यांनी हात पुढे केला की पक्कड द्यायची, परत केला की घ्यायची. आई ओट्यावर डबा बांधत होती. शेवटी पुढच्या खोलीतला बल्ब लागला आणि आण्णा वरूनच म्हणाले, "चालतंय ना? मग आता हात लावू नको. रविवारी नीट करू."

एक वायर त्यांनी खिडकीतून बाहेर नेली होती. ती कुठे गेली, हे मी विचारलं नाही. सिन्नरची गाडी चुकली असती.

तो रविवार आला नाही. मी नाशिकला आयटीआयला इलेक्ट्रिशियनचा ट्रेड घेतला, वर्गात आम्ही तीनच मुली. मग सातपूरला नोकरी लागली, लग्न झालं, सातपूरलाच तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या झाल्या. मी पॅनल वायरिंग करते. मोठमोठ्या कंपन्यांच्या मशिनी चालवणारी लोखंडी कपाटं असतात, त्यांच्या आतल्या शेकडो वायरी आम्ही बायका जोडतो. प्रत्येक वायरीच्या दोन्ही टोकांना नंबराची बारीक नळी चढवायची, तिला फेरूल म्हणतात. कोणती वायर कुठून निघाली आणि कुठे पोचली, हे डोळे झाकून सांगता आलं पाहिजे. माझ्या हातच्या पॅनलमध्ये चूक निघत नाही. हा मोठेपणा मी सगळ्यांना सांगते, तुम्हालाही सांगून ठेवते, कारण पुढे तो उतरणार आहे.

तुमच्यातले जे गावात राहिले त्यांना वाटतं, गेलेले सुटले. जे गेले त्यांना वाटतं, राहिलेले तरी आपल्या जागी आहेत. मीही बावीस वर्षं तसंच समजत होते. दिवाळीला, यात्रेला घरी जायचे, दिवे पिवळट दिसायचे आणि मी आण्णांना म्हणायचे, सगळं उकलून नवीन करून देते. ते हसायचे. "चालतंय ना? मग हात लावू नको." आमच्या घरात हे वाक्य सगळ्यालाच लागू होतं. आईचा उजवा खांदा दुखायचा, तोही चालत होता.

आण्णा गेले त्याला आता तीन वर्षं होतील. मला भाऊ नाही. शेती चुलतभाऊ सोपान बघतो, टोमॅटो आणि झेंडू करतो, पण तो राहतो गावात. आई मळ्यातल्या घरात एकटी राहिली. वर्षश्राद्धाला माणसं बसायला जागा हवी म्हणून सोपानने अंगणात सिमेंटचा कोबा केला. अंगण एवढं छान झालं आणि मधोमध ते मातीचं, पोपडे आलेलं तुळशीवृंदावन. मला ते बघवेना. मी नाशिकहून टाइल्स लावलेलं तयार वृंदावन घेतलं, टेम्पोत घालून नेलं आणि दारासमोर उजव्या हाताला बसवलं. जुनं काढून टाकलं, तिथेही कोबा सारखा केला. आई नुसती बघत होती. मी विचारलं, "आवडलं का?" ती म्हणाली, "लय भारी हाय." मी त्याच्यापाशी उभं राहून फोटो काढले.

पुढच्या उन्हाळ्यात तिचे फोन सुरू झाले. दिवे मंद लागतात. फ्रिजला हात लावला की मुंग्या येतात. मी फोनवर शहाणपणा शिकवत राहिले, की चप्पल घालून हात लाव, प्लग उलटा करून बघ. एका दुपारी फ्रिजने तिला असा झटका दिला की ती समोरच्या भिंतीवर जाऊन आदळली. सोपानने मेन स्विच पाडला आणि मला कळवलं. मी स्कूटीवरून गेले, तिचा हात गळ्यात बांधून घेतला, दाराला कुलूप लावलं आणि तिला सातपूरला आणलं. निघताना ती उंबऱ्यात थांबली. मी म्हटलं, "आई, वायरिंग होईपर्यंतच गं."

लेकीच्या घरी राहायचं म्हणजे आमच्याकडे चार दिवस, फार तर आठ. तिचं वर्ष झालं.

ते वर्ष कसं गेलं ते सांगते. माझा नवरा विलास कंपनीत शिफ्टला असतो. माणूस चांगला आहे, सासूला कधी वावगं बोलला नाही. पण नाइट शिफ्ट करून आला की दिवसा झोपतो, आणि घर दोनच खोल्यांचं. मग आई मिक्सर लावत नसे, टीव्ही लावत नसे, भांडं खाली ठेवताना खाली फडकं घालायची. तो जागा असला की सोफ्यावर बसायची नाही, पदर डोक्यावर ओढून स्वयंपाकघराच्या दारात पाटावर बसायची. उरलेला वेळ गॅलरीत. गॅलरीला लोखंडी जाळी आहे, त्या जाळीत प्लास्टिकच्या टबात मी तुळस लावून दिली होती. पहिल्या दिवशी आईने तिला सवयीने तांब्याभर पाणी घातलं, ते खालच्या मजल्यावरच्या बाईंच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर गेलं. त्या बाई वर येऊन बोलल्या. दुसऱ्या दिवसापासून आई वाटीने पाणी घालू लागली. अर्धी वाटी, थेंब थेंब, आणि मग वाकून बघायची, खाली गळतंय का.

रोज संध्याकाळी मी आले की विचारायची, "वंदे, वायरिंगचं कुठवर आलं?" कधी माझं पॅनल डिस्पॅचला असे, कधी ओव्हरटाइम, कधी विलासची सुट्टी. सगळी कारणं खरी होती. आणि तरीही मी खोटं बोलत होते, हे माझं मला ठाऊक होतं. वायरिंग झालं की ती जाणार. त्या मळ्यात एकटी, सत्तरीची बाई, दुखऱ्या खांद्याची. इथे निदान ती माझ्या डोळ्यांसमोर होती. दिवसभर दुसऱ्यांच्या मशिनींचं वायरिंग करणारी मी आईच्या घराचं वायरिंग करत नव्हते. खरं कुलूप मळ्यातल्या दाराला नव्हतं, ते माझ्या रोजच्या कारणांचं होतं.

एका मंगळवारी मी कामावरून आले तर आई जिन्यात बसलेली. हातात भाकरीचा रिकामा कागद. दुपारी खाली गाईला भाकरी घालायला गेली, मागे दार ओढलं गेलं आणि लॅच लागलं. विलास नाइट करून आत झोपलेला.

"बेल का नाही वाजवलीस?"

"जावई झोपलेत ना गं. त्यांची झोप कशाला मोडायची."

चार तास बसली होती. वरच्या मजल्यावरचे लोक तिच्याशेजारून चढत उतरत होते आणि ती प्रत्येकाला जागा करून देत होती. मला इतका राग आला की मी तिच्यावरच ओरडले. मग स्वयंपाकघरात जाऊन रडले. त्याच रविवारी पिशवीत मल्टिमीटर, टेस्टर, फेरूलचा डबा आणि एक दोनशे पानी वही घातली आणि सिन्नरचा रस्ता धरला.

मला वाटलं होतं, एका दिवसाचं काम. तीन रविवार गेले.

बदल करायच्या आधी आहे ते कागदावर आलं पाहिजे, हे मी नव्या मुलींना पहिल्या दिवशी सांगते. मी मेन स्विच पाडला, बोर्ड उघडले आणि कपाळाला हात लावला. आण्णांनी सगळ्या घराला विहिरीच्या मोटरीची उरलेली केबल वापरली होती. तिच्यात तीन रंग, लाल, पिवळा, निळा. पुढच्या खोलीत लाल वायरीत वीज, आतल्या खोलीत निळ्यात, स्वयंपाकघरात जिथे जी पुरली ती. न्हाणीघराच्या दिव्याचं बटण स्वयंपाकघरात. स्वयंपाकघराचा बोर्ड कमरेइतका खाली. मग मेन चालू करून एकेक बटण दाबत गेले, तर पुढच्या खोलीतलं तिसरं दाबलं की काहीच लागेना. मी ते बंद म्हणून वहीत लिहिलं. सोपान दारात बसून माझी गंमत बघत होता.

"ताई, त्याच्यात काय सापडायचं नाय. आण्णांनी काय केलंय ते त्यांनाच ठावं."

"गप रे. बटण दाबते, कुठे काय लागतं ते बघ."

"गोठ्यात लागलं की!" तो एकदम ओरडला.

चाळीस पावलांवरच्या गोठ्यातला दिवा, आणि बटण आण्णांच्या खाटेच्या उशाशी. गाय व्यायला झाली की त्यांना पडल्या पडल्या तिच्याकडे बघता यायचं. मग मला बाकीचंही दिसायला लागलं. न्हाणीघराचं बटण बाहेर, कारण ओल्या हाताने कोणी ते दाबू नये. स्वयंपाकघराचा बोर्ड खाली, कारण आईचा हात खांद्याच्या वर जात नाही. बावीस वर्षं मी ज्याला गबाळं म्हणत होते, त्यातलं एकही बटण उगाच तिथे नव्हतं. "खांदा चालतोय ना" म्हणणाऱ्या माणसाने त्या खांद्यासाठी आख्खा बोर्ड खाली आणला होता, आणि बोलला नव्हता. मी वहीत प्रत्येक बटणापुढे त्याचं काम लिहिलं आणि काही ठिकाणी आण्णांचं कारणही.

पण झटका का बसला, ते कळत नव्हतं. तिसऱ्या रविवारी मेन चालू केला, रबरी चप्पल घातली, एकच बल्ब लावला आणि फ्रिजच्या प्लगमध्ये टेस्टर घातला. त्याचा दिवा दोन्ही भोकांत लागला.

साध्या भाषेत सांगते. एका भोकातून वीज येते, दुसऱ्यातून परत जाते. परतीच्या भोकात टेस्टर लागायला नको. लागला, म्हणजे वीज घरात आली आहे पण तिला परत जायला वाट नाही. ती आत तटून बसली आहे आणि पहिला जो कोणी हात लावेल त्याच्या अंगातून वाट काढणार आहे.

मी मेन पाडला आणि परतीची वायर धरून निघाले. माळ्यावरून, चौकटीवरून, आणि मग खिडकीतून बाहेर. तिथे माझे पाय थांबले. ही तीच वायर होती. मी बॅग पाठीला लावून जिच्याकडे पाहिलं आणि विचारलं नाही, ती. खांबावर ती गेलीच नव्हती. भिंतीवरून खाली उतरून थेट कोब्याखाली शिरत होती. मी सोपानकडून छिन्नी-हातोडा मागून घेतला आणि कोबा फोडत गेले. अंगणाच्या मधोमध एक लोखंडी पाइप लागला, जमिनीत खोल ठोकलेला, आणि त्याला वायर गुंडाळून आवळलेली. फ्रिजच्या पत्र्याची अर्थिंगसुद्धा त्यालाच, म्हणून तटलेली वीज त्या पत्र्यात उतरत होती. आण्णांनी तुटलेल्या तारेच्या जागी जमीन वापरली होती. खेड्यापाड्यात कोणीतरी कधीतरी हे केलेलं असतं, एका रात्रीपुरतं, आणि ते धोक्याचंच असतं. पण जमीन ओली असली तरच ते चालतं. आमच्या अंगणात बारा महिने ओली राहणारी एकच जागा होती. जुनी तुळस.

पाइपाभोवतीची माती मी हातात घेतली. ती पिठासारखी सांडली.

सोपानने विचारलं, "काय झालं ताई?" हौसेने टाइल्सचं वृंदावन आणणारी मी. जुनं काढून वर कोबा करवून घेणारी मी. आईच्या घरातल्या विजेची वाट मीच बुजवली होती, आणि मग तिला झटका बसला म्हणून तिला जाळीत आणून बसवलं होतं. माझ्या हातच्या पॅनलमध्ये चूक निघत नाही म्हणे. मी तिथे दोन हंडे पाणी ओतलं, ते मुरेपर्यंत थांबले, मग लांब जाऊन मेन चालू केला. पुढच्या खोलीतला बल्ब पिवळट होता तो पांढरा झाला.

आता काम चारच दिवसांचं होतं. वायरमनकडून खांबावरून दुसरी तार ओढून घ्यायची, वेगळी अर्थिंग करायची, झटका बसताच वीज तोडणारं बटण बसवायचं. हे मला पाठ होतं. तरी त्या संध्याकाळी सातपूरला आल्यावर आईने "कुठवर आलं?" विचारलं तेव्हा मी म्हटलं, "बरंच आहे अजून."

तिने माझ्या हातांकडे पाहिलं. नखांत माती होती. ती ओळखीची असावी.

"कोबा फोडला व्हय?"

मी खाली बसले. सगळं सांगून टाकलं. पाइप, कोरडी माती, माझं वृंदावन. ती ऐकत होती, पण तिला नवल वाटत नव्हतं.

"मला ठावं व्हतं," ती म्हणाली. "तू गेली त्याच दिवशी तुझ्या बापानं सांगितलं. म्हणले, तुळशीचं पाणी चुकवू नको, दिवे त्याच्यावर हायेत. उन्हाळ्यात मी दोन टायमाला घालत व्हते. एक दिस चुकवला नाय."

"मग मी ते काढत होते तेव्हा बोलली का नाहीस?"

"तू एवढ्या हौसेनं आणलं. टेम्पो करून. कसं सांगायचं तुला?" मग म्हणाली, "कोब्याच्या कडंकडंनं घालत व्हते की हंडा हंडा. नाय जिरलं."

खांद्याचं दुखणं असलेली बाई माझ्या कोब्यावर हंडे ओतत होती आणि मी फोनवर तिला चप्पल घालायला सांगत होते. मी विचारलं, मग इथे आल्यावर तरी का बोलली नाहीस, वर्षभर?

"तुला वाटत व्हतं मी ऱ्हावं. म्हणून ऱ्हायले. वायरिंग काय, तू मनावर घेतलं असतं तर आठ दिसांत झालं असतं. तुझ्या हाताला उशीर लागत नाय, मला ठावं हाय ना."

तिला सगळं ठाऊक होतं. मी तिला धरून ठेवलं म्हणून ती राहिली, आणि तिला एकटं वाटू नये म्हणून मी तिला धरून ठेवलं. दोघी एकमेकींसाठी त्या दोन खोल्यांत वर्षभर अडकून बसलो आणि तोंडाने रोज वायरिंगचं बोलत राहिलो.

मी रजा टाकली. काम चार दिवसांत झालं. बटणं मी जिथल्या तिथे ठेवली, गोठ्याचं सुद्धा. प्रत्येक वायरीच्या दोन्ही टोकांना फेरूल चढवले आणि वहीतली पानं प्लास्टिकमध्ये घालून मीटरशेजारी लावली. आण्णांच्या पाइपाची वायर सोडवली. तिच्या टोकालाही नंबर घातला, कशालाच जोडलेली नव्हती तरी. पाचव्या दिवशी विलास आईला सोडायला आला. ती उंबऱ्यात शिरली, स्वयंपाकघरातलं कमरेएवढं बटण दाबलं, आणि चुलीपाशी बसली. पदर डोक्यावरून कधी घसरला ते तिला कळलंही नाही.

मी निघाले तेव्हा ती तांब्या घेऊन बाहेर आली. नव्या वृंदावनात थोडं पाणी घातलं आणि उरलेलं अंगणाच्या मधोमध, फोडलेल्या कोब्याच्या खड्ड्यात ओतलं.

"आई, तिथे आता काही जोडलेलं नाही."

"ठावं हाय," ती म्हणाली. "पण मी शब्द दिला व्हता त्यांना."

मी म्हटलं, तुला इथे एकटीला ठेवून जायचं माझ्या जिवावर येतंय. दिवाळीनंतर तरी चल परत. ती हसली आणि आण्णांच्याच आवाजात म्हणाली, "चालतंय ना? मग हात लावू नको."

आता जाळीच्या आत मी बसते. सकाळी विलास झोपलेला असतो, मी भांडी हळू ठेवते, टबातल्या तुळशीला अर्धी वाटी पाणी घालते आणि वाकून बघते, खाली गळतंय का. बरोबर सातला आईला फोन करते. तब्येत, पाऊसपाणी, सोपानचा झेंडू, हे सगळं रविवारी. रोज मी एवढंच विचारते, "घातलं का पाणी?" ती म्हणते, "घातलं." मग मी लॅच ओढून कामाला जाते आणि दिवसभर लोकांच्या वायरींना नंबर घालते. एक दिवस फोनवर तो शब्द येणार नाही, हे मला माहीत आहे. तोपर्यंत मला घर आहे.